बी बाहेर

गावडोंगरीत रेंज मिळते ती शाळेमागच्या कातळावर,
काजूच्या तिसऱ्या झाडापाशी.
सुलक्षा वेळीप तिथे उभी राहून
शिक्षकांच्या ग्रुपवरून उद्याचा पाठ उतरवून घेते.
कुणा अनोळखी बाईंचे अपूर्णांक,
कुणा सरांचा धुमसता ज्वालामुखी.
चौऱ्याण्णव टक्क्यांवर अडतो.

वर्गात नऊ मुले, एक प्रोजेक्टर,
पडदा म्हणून घरची चादर,
ज्वालामुखीच्या पोटात इस्त्रीचा डाग.

परवा तिने पहिल्यांदाच
काही घेतले नाही, टाकले:
दुसरीतला साईश बोंडू मोजतो आहे.
दहावर पोचला की एक खातो,
पुन्हा नऊ.

रात्री नंदुरबारकडच्या शाळेतून प्रश्न आला,
खाली अकरा मुलांची नावे:
बाई, याची बी बाहेर का?

ती बोंडवांच्या वासात वाढली.
आईची बोटे चिकाने काळी,
दर उन्हाळ्यात सोललेली.
हे तिने कधीच विचारले नव्हते.

‘बघून सांगते’ एवढेच लिहिले.
सकाळी हजेरीआधी
टेबलावर एक बोंडू उलटा ठेवला.
नऊ डोकी वाकली.
बराच वेळ कुणी बोलेना.
मग साईश म्हणाला,
बाई, आधी खाऊन बघू?