हयातीचा दाखला

नोव्हेंबरात रांग लागते.
सोलापूरच्या सैनिक कार्यालयात, व्हरांड्यातल्या टेबलाशी
मी बसतो. अंबादास येमूल,
निवृत्त सुभेदार, धर्मगुरू.
लोक अजून पंडितजी म्हणतात
आणि अंगठा पुढे करतात.

काम सोपं आहे. समोरचा माणूस जिवंत आहे
असं लिहायचं, खाली शिक्का मारायचा.
अठ्ठावीस वर्षं याच्या उलटे कागद लिहिले,
म्हणून हात कधी कधी अडखळतो.

वर, पलटणीत, एकाच पत्र्याखाली
मंदिर, मशीद, गुरुद्वारा.
मौलवीसाहेब रजेवर गेले की
त्यांच्या चटईवरचा बर्फ मी झटकायचो.
जवान काय मागायचे?
मोक्ष कुणीच मागितला नाही.
एकाला नव्या म्हशीसाठी नाव हवं होतं,
एकाला बायको फोन का उचलत नाही त्याचं उत्तर,
आणि एक नुसताच येऊन स्टोव्हपाशी बसायचा,
पाय शेकायचा, काही न बोलता उठून जायचा.
त्याच्याशी मीही बोललो नाही.
बाप माझा अशोक चौकात मागावर;
धागे मोजणाऱ्याला हाक मारू नये,
हे मी बोलायला लागायच्या आधी शिकलो होतो.

पत्रं मात्र मीच लिहायचो.
साहेबांचं इंग्रजीत जायचं,
मराठी मुलखातल्या घरांसाठी माझं.
शेवटच्या ओळीचा साचा ठरलेला,
चादरीच्या जकार्डच्या पुठ्ठ्यासारखा,
तीच भोकं, तोच मोर:
जाताना त्यांनी ‘आई’ अशी हाक मारली.

नीलव्वा बिराजदार, अक्कलकोटच्या पलीकडची.
तीन नोव्हेंबर आली, अंगठा दिला,
शेंगाचटणीची पुडी ठेवून गेली.
चौथ्या नोव्हेंबरात बसूनच राहिली.
मागे रांग कुरकुरली.
म्हणाली, पंडितजी, आमच्यात आई म्हणत नाहीत.
गुरुशांत मला अव्वा म्हणायचा.

मीसुद्धा माझ्या आईला अम्मा म्हणायचो.
ह्याच गावचा मी. इथे एका बोळात
तीन भाषांत पोरांना जेवायला हाका मारतात,
आणि मी सोळा घरांना एकच शब्द धाडला,
कारण तो कागदावर बरा दिसतो.

काय म्हणाला ते सांगा की.

मी शिक्का खाली ठेवला.
बूट काढा म्हणाला.
एवढंच. दोनदा.

ती बघत राहिली.
मग विचारलं, काढले?

शास्त्री झालो, पुण्याला प्रशिक्षण झालं,
सगळ्या धर्मांचे अंत्यविधी पाठ केले,
हा प्रश्न कुठल्याच पेपरात नव्हता.
एक काढला, म्हणालो. डावा.
दुसऱ्याची नाडी गोठून तार झाली होती.
चाकू शोधत होतो तेवढ्यात…
त्याच्या गळ्यातलं लिंग त्याच्या मुठीत दिलं,
तेवढं चुकलो नाही.
मोजा ओला होता. पाय हातात धरून बसलो.
मंत्र म्हटला की नाही, आठवत नाही.

डावा, ती म्हणाली.
बाकीचं जणू तिला ऐकूच गेलं नाही.
डावाच चावायचा त्याला. करंगळी मोठी होती.
शाळेतसुद्धा मास्तरांचा मार खायचा,
पण डावा बूट काढूनच बसायचा.

मग पदरानं नाक पुसलं
आणि डावा अंगठा शाईत टेकवला.
मी लिहिलं, माझ्यासमोर हजर, हयात.
शिक्का तिरका पडला.
दुसरा फॉर्म देतो, म्हणालो.
राहू द्या, म्हणाली,
चारची गाडी आहे.