नीरम

शारजात सायकली ओझ्यावरून ओळखायच्या.
पांढऱ्या चादरींचा डोंगर म्हणजे कुंजुमोनची लाँड्री.
हँडलला दोन्हीकडे खबूसच्या पिशव्या म्हणजे कोपऱ्यावरचा बकाला.
आणि रस्त्याच्या उलट्या अंगानं,
आतला माणूस न दाखवता चालत येणारी पुठ्ठ्याची भिंत
म्हणजे रुकनुद्दीन. सिल्हेटचा. एकोणीस वर्षं.

मी एसीच्या डक्टची ड्रॉइंगं काढते.
गार हवेनं कुठून कुठे जावं ते ठरवते
आणि बावीस डिग्रीत बसून
काचेपलीकडच्या सायकली बघते.
आधी नुसत्या वहीत काढायचे.
मग टेप घेऊन खाली उतरले, दुपारी,
डांबर चपलेला चिकटत होतं.
कुंजुमोन म्हणाला, मॅडम, तुम्ही बलदियाच्या का?

कसं सांगू, बलदियाची नाही रे.
तुझ्या कॅरियरखाली कुणीतरी तिरकी सळई दिलीय,
वेल्डिंगचे दोनच डाग, पण नेमके तिथेच
जिथे मी चार दिले असते.
तुझा स्टँड दोन पायांचा, रुंद,
म्हैस बसावी तसा बसतो.
हे कुणी काढलं? कुठल्या कागदावर?
तो हसला. कागद कसला, आधीचा मोडला होता.

फक्त एक खुपायचं:
सगळं ओझं वर.
छातीच्या वर, मानेच्या वर, वाऱ्याच्या तोंडावर.
शमाल सुटला की रुकनुद्दीनची भिंत
आधी कलते, मग तो.

हर्णैला माझे काका म्हणायचे,
रिकामं गलबत लाटेला भितं,
त्याच्या बुडात नीरम भरा, दगड का असेनात.

म्हणून माझी सायकल लांब आहे. दोन मीटर चाळीस.
पेटी हँडलच्या पुढे, तळ गुडघ्याच्याही खाली,
पेटीच्या पोटाखालून एक दांडा पुढच्या चाकापर्यंत,
हँडल इथे वळतं, चाक तिथे ऐकतं.
पुढचं चाक वीस इंची. लोक विचारतात, लहान का?
लहान चाकाचे स्पोक आखूड, म्हणून चिवट,
आणि त्याच्यावरून पलीकडचा रस्ता दिसतो.
(मला ते दिसतंही फार छान. हे कारण वहीत लिहिलेलं नाही.)

गुलशेरनं इंडस्ट्रियल सहामध्ये ती जोडली,
हफ्त्याच्या तीन सुट्ट्या घालवून.
काच वर करून म्हणाला, ही सायकल नाही, लाँच आहे.
दोनशे दिरहम कमी घेतले आणि त्यावर बोलू दिलं नाही.

रात्री साडेदहा. चष्म्यावर वाफ.
रोलाच्या मागच्या गल्लीत, पेटीत पाण्याची चार कॅनं.
पहिल्या वळणाला मी भिंतीला भेटले.
दुसऱ्याला कळलं, चाकाकडे बघायचंच नाही,
लांब बघायचं, जायचंय तिथे.

रुकनुद्दीन पुठ्ठे बांधता बांधता आला.
टायर दाबला. दांडा हलवला.
पेटीचा तळ हातानं चाचपला, कापड बघतात तसा,
आणि न विचारता कॅनं उतरवून आत बसला,
गुडघे छातीशी, टोपी मांडीवर.

मी पेडल मारलं.
सायकल हलली नाही, डुललीही नाही, निघाली.
कॉर्निशकडून खारट दमट हवा येत होती.
तो काही बोलला नाही,
पण प्रत्येक वळणाला त्याची दोन बोटं
हवेतला ब्रेक ओढत होती,
आणि सारखा मागे वळून माझा चेहरा बघत होता,
माणूस दमला का ते बघतात तसा.

घरी येऊन वहीत लिहिलं:
भार एक्कावन्न किलो. तोल उत्तम.
खाली त्यानं उतरताना सांगितलेलं:
दांड्याचा सांधा कुरकुरतो,
बुश नायलॉनचा टाका, लोखंडी नको,
इथली वाळू लोखंड खाते.