हात मागे

पदविकेचा चौथा स्वाध्याय:
'कामाच्या जागी शिकवताना
तुम्ही नेमके काय केलेत? शब्दमर्यादा तीनशे.'

वेंगुर्ला, पुरुष वॉर्ड, खाट सात.
रापणीवरचा माणूस, जुलाबांनी सुकलेला,
दोर ओढून घट्टे पडलेले तळवे,
आणि शीर अशी की दिसते न दिसते तोच सरकते.
शबिस्ता मुकादम, रुजू होऊन अकरा दिवस.
सुई तिच्या हातात.
माझे हात पाठीमागे,
एकाने दुसऱ्याचं मनगट आवळून.

बावीस वर्षं हे हात मला विचारत नव्हते.
लाईट गेलेली असो, तान्ह्या बाळाची टाळू असो,
शीर शोधून मोकळे व्हायचे.
आता अभ्यासक्रम म्हणतो, कशी शोधता ते सांगा,
तर जिभेला सापडत नाही.

पहिल्यांदा चुकलं.
दुसऱ्यांदा चामडीखाली निळं पसरलं.
शबिस्ताने माझ्याकडे बघायचं टाळलं.
मी म्हटलं, "डोळ्यांनी नको, बोटाने बघ."
एवढंच सुचलं.

खाटेवरचा बोलला, तिच्याशी नव्हे, माझ्याशी,
"सिस्टरबाय, तुमी कित्याक घाबरतास?
हात तर माझो आसा."

तिसऱ्यांदा नळीत लाल थेंब चढला.
चिकटपट्टी तिने वाकडी लावली.
तीही मी सरळ केली नाही.

रात्री बांगड्याचं तिखलं उतरवून
पुन्हा त्या रकान्यापाशी बसले.
'काही नाही' लिहिलं. खोडलं.
'हात मागे' लिहिलं.

अजून दोनशे अठ्ठ्याण्णव शब्द हवेत.