घोडी बांधताना

इशबेलने गिटार पालथी घालून टेबलावर ठेवली,
जशी बाळाची पाठ डॉक्टरला दाखवावी.
सहा स्क्रू, पांढरं झाकण, आत तीन स्प्रिंगा
आणि एक लोखंडी ठोकळा,
बोट लावलं की डुलणारा.
"हा हलायचा थांबव," म्हणाली. "एवढंच."

मी दात करते. डंडीत अकरा वर्षं झाली,
लोकांच्या कवळ्या, कॅपा, ब्रिज.
गिटारमधलं मला ओ की ठो कळत नाही.
पण ती ब्रिज म्हणाली, आणि ब्रिज हलला तर
माणूस तिसऱ्या दिवशी गाल धरून परत येतो
हे मला माहीत आहे.

मिरजेला आमच्या मागच्या गल्लीत दस्तगीरचाचा
सतारीच्या ब्रिजला घोडी म्हणायचे.
हाडाची घोडी. कानस, फुंकर, कानस,
मग तिच्याकडे एक डोळा मिटून बघत बसायचे.
"घोडी उभी पाहिजे, बेटा. चरायला गेली की सूर गेला."

इशबेलची घोडी जन्माची नाचरी.
दांडी दाबली की सूर वाकतो, सोडली की सरळ होतो.
ब्रॉटी फेरीच्या हॉलमध्ये, एकोणीस वर्षांची असताना,
ती दांडी दाबायची आणि पोरं खुर्च्यांवर चढायची.
हे तिने चहा पिता पिता सांगितलं,
कप दोन्ही हातांनी धरून.

तारा पुढे ओढतात, स्प्रिंगा मागे;
त्या ओढाताणीत ब्रिज अधांतरी तरंगतो.
एक तार तुटली तर उरलेल्या पाच
चढ्या आवाजात बोलू लागतात,
घरातलं मधलं माणूस गेल्यावर बोलतात तशा.

मापं घेतली. शेपटीकडे सहा मिलिमीटर,
मानेकडे अकराला केसभर कमी.
आधी हाताशी होतं ते अ‍ॅक्रिलिक ओतलं.
गुलाबी झालं, थेट हिरडीच्या रंगाचं.
इशबेल हसून हसून खोकली.
"तिला कवळी नको गं लावू.
माझी मी लावते आहे तेवढी पुरे."

मग लाकूड. तागाच्या गिरणीतली जुनी कांडी,
रविवारच्या बाजारात दोन पौंडांना घेतलेली,
कशाला घेतली ते तेव्हा कळलं नव्हतं.
किती सूत अंगावरून गेलं असेल तिच्या,
काचेसारखी गुळगुळीत.
कापली. घासली. बसवली. जाड.
घासली. बसवली. अजून जाड.
बाहेर वारा टे नदीवरून सरळ खिडकीत,
पलीकडे रेल्वेचा पूल,
आणि त्याच्या शेजारी, पाण्यातून वर आलेले,
कोसळलेल्या आधीच्या पुलाचे खुंट.
कोणी काढले नाहीत ते.
आणखी दोन घासे.
मग पाचर अंगठ्याच्या जोराने आत गेली,
कुईं करून, शेपटीकडची.
मानेकडची निमूट गेली.

ठोकळ्याला बोट लावलं. ढिम्म.

इशबेलने गिटार मांडीवर घेतली,
उजवा तळवा ब्रिजवर टेकवला,
आणि तेव्हा मी पाहिला तो हात,
मनगटापासून बोटांपर्यंत पिंपळाच्या पानासारखा.
गेलं वर्षभर तो नुसता टेकला तरी
सगळ्या तारा बेसूर होत होत्या.
"थरथर दोघींना कशाला," ती म्हणाली.
"एकीने तरी स्थिर राहावं."

तिने एक तार छेडली.
म्हणजे एकदाच छेडायची होती तिला;
नखीने पाच-सहा वेळा बारीक ठोके दिले,
एकाच सुरावर, जागच्या जागी,
पत्र्यावर पाखरू चालावं तसे.
तिने मान तिरकी करून ऐकलं.
मी पण.
पुन्हा छेडली.

पैसे द्यायला लागली. मी वीस म्हटलं,
तिने तीस ठेवले आणि वर गुलाबी पाचर मागून घेतली,
नातवाला दाखवायला.
दांडी आता लागणार नव्हती.
ती तिने फडक्यात गुंडाळली
आणि पर्समध्ये टाकली, चष्म्याच्या घराशेजारी,
चेन लावायला तिला जरा वेळ लागला.
मी खिडकीकडे बघत राहिले.