ताकाच्या रंगाची सीट

पर्वरीच्या बाईंनी गाडी विकताना
या रंगाचं काहीतरी फ्रेंच नाव सांगितलं होतं.
कुडचड्याला पोचेपर्यंत मी ते विसरले.
आई म्हणाली, ताक.
मिनिन मेकॅनिक दार उघडून
बराच वेळ नुसता आत बघत राहिला, मग म्हणाला,
"बाय, हो रंग गोंयांत कोण घेता?"

मी घेतला. स्वस्तात मिळाला.
घरोघर जाऊन रक्ताचे नमुने आणते मी,
सावर्डे, रिवण, उगें, कधी पार नेत्रावळी.
शेजारच्या सीटवर बर्फाचा डबा
आणि चपलांना धरून
आत चढलेला प्रत्येक गावचा रस्ता.

पहिल्याच महिन्यात भाचीच्या नव्या जीन्सने
मागे एक निळी मांडी उमटवली.
मग बॉलपेन.
त्यावर मी माझ्याच पेटीतलं स्पिरिट घासलं.
शाई गेली, सोबत रंगही गेला,
आता तिथे रुपयाएवढं कोड आहे.
मला तरी कळायला हवं होतं.
दिवसातून वीसदा कातडी पुसते मी,
कुठली कोरडी, कुठली कागदासारखी,
कुठल्या म्हातारीला अंगठ्याने आधी धीर द्यायचा,
हे माझ्या बोटांना न बघता समजतं.

जुलैत ताप आला, गाडी पंधरा दिवस माडाखाली.
दार उघडलं तर सीटवर हिरवट लव,
विसरलेल्या पेड्यांच्या डब्याचा वास.
आता शिकलेय:
कोमट पाणी, साबणाचा नुसता फेस,
दात पडलेला मऊ ब्रश, शिवणीच्या कडेकडेने,
पुसायचं, वाळवायचं, मलम चोळायचं,
उन्हात मात्र ठेवायचं नाही.
आई म्हणते, एवढी तेलमालीश
तुला बाळ असताना झाली नाही.

प्रेमावती मावशी शिरोड्याला देवीला जाताना
स्वतःची चटई घेऊन येते.
"कातड्यावर बसून देवळात?"
आणि चटईवर मांडी घालून बसते,
गाडी नव्हे, ओसरीच आहे अशी.

बाबा टॉवेल अंथरतात.
बावीस वर्षं खनिजाचा टिपर चालवला त्यांनी,
उन्हात तापलेल्या, फाटून सुतळीने शिवलेल्या सीटवर.
इथे पाठ टेकत नाहीत.
परीक्षेला बसल्यासारखे
पुढे सरकून, हात गुडघ्यांवर.

मडगावच्या सीटवाल्याने
नखाने एक कड उचलली आणि हसला.
"इतलेंच चामडें. हेर सगळें रेक्झिन."
बसायची जागा तेवढी खरी,
बाकी कडा, पाठ, दारं, सगळं प्लास्टिक.
वर्षभर मी प्लास्टिकला मलम चोळत होते.

घरी सांगितलं.
मावशीने नीट विचारून घेतलं, नेमकं कुठलं खरं?
आणि चटई तशीच ठेवली.
बाबा म्हणाले, म्हणजे पाठ टेकायला हरकत नाही.
पण टॉवेल काढला नाही.
खरं असो खोटं असो, पांढरं ते पांढरंच.

रविवारी अंगणात चारी दारं उघडी टाकून
मी फडकं पिळते.
बाबा खुर्ची घेऊन येतात,
सीटकडे बघतसुद्धा नाहीत,
बादलीत बघतात.
तिकडची खाण थांबून किती वर्षं झाली,
तरी पाणी असं, वीट उगाळल्यासारखं.
बोट बुडवतात, अंगठ्यावर घासतात,
उजेडात धरतात.

"काल रिवणाच्या वाटेन गेल्लें मगे तूं?"

गेले होते.
ते मान हलवतात,
आणि बादली उचलून
अबोलीच्या मुळाशी हळूहळू ओततात,
तळाचा गाळ शेवटी, हाताने.