बघू

संध्याकाळी आडगाव नाक्यावरून बस,
पिंपळगावच्या पॅकहाऊसात माझा इंग्रजीचा वर्ग.
जानेवारी. माल जोरात.
बाकं म्हणजे उलटे क्रेट, फळा म्हणजे
कोल्ड स्टोरेजचं पांढरं दार,
आणि बोटांना अजून द्राक्षांचा चिकटा
अशा सतरा बायका.

आज एकच शब्द, मी म्हटलं. सी.
सी म्हणजे बघणे. सोपा आहे.
छबू गांगुर्डे म्हणाल्या, सोपा असता
तर खाली तीन वाक्यं कशाला लिहिली?

आय सी. म्हणजे समजलं.
"न बघता?"
न बघता.
"आमच्या मालकांना समजतं ते असंच."

सी यू. म्हणजे भेटू.
"हॉलंडचा गोरा म्हणला होता जाताना,
गेल्या साली. जाळी काढून केस मोकळे केले
आणि म्हणला. आम्ही मेल्या वाट…"
वाक्य तिथंच ठेवलं त्यांनी, क्रेटवर.

लेट मी सी.
हे मी लिहायला नको होतं.
रोज वाढवा म्हणून सहाजणी गेल्या होत्या केबिनमध्ये;
साहेबाचं उत्तर त्यांनी तोंडपाठ आणलं होतं माझ्यापर्यंत,
ओंजळीत पाणी आणावं तसं, न सांडता.
मी म्हटलं, बघू.
म्हणजे, बघू असं म्हणाले ते.
याचा अर्थ
वर्गात कुणाला सांगावा लागला नाही.

मग त्यांनीच शिकवायला घेतलं.
सासऱ्याला कोण बघतं? मीच बघते, दोन वर्षं जागेवर आहे.
पोरीला बघायला आले, चहा पिऊन गेले.
मुकादम म्हणतो, बघून घेईन.
मीठ बघ गं भाजीत. डोळ्यानं का?
गुडघा अंत बघतोय नुसता.
मी लिहीत गेलो. दार भरलं,
दाराच्या गारठ्यानं मार्कर उमटेना.

टेबलावर गोडी मोजायचं यंत्र पडलं होतं,
वीतभर दुर्बीण.
सोळा हंगाम मणी निवडतायत छबूताई,
त्यातून बघितलं नव्हतं कधी. ते सुपरवायझरचं.
एक मणी चिरडला, थेंब काचेवर,
ट्यूबलाइटकडे धरलं, एक डोळा मिटला.
वर निळं, खाली पांढरं, मधे रेघ.
"अठरा."
बराच वेळ यंत्र खाली आलं नाही.
"दिसतंय," म्हणाल्या,
"पण गोड कुठंय ह्याच्यात?"
आणि तो चिरडलेला मणी तोंडात टाकला.
एक माझ्याही हातावर ठेवला.

परतीची बस. ओझरला
कुंपणापलीकडे विमानतळाचे दिवे,
एकही विमान नाही.
कंडक्टर म्हणाला, सुट्टे बघा जरा.
मी खिसे बघितले.
बोटं चिकट होती.