मागच्या मालकाचा नंबर

बोरा बाजारातून जुना कॅमेरा आणला.
मुस्तनसीरभाईनं पिवळ्या फडक्यात गुंडाळून दिला,
म्हणाला, काका, आधीच्या साहेबानं
मुलासारखा सांभाळलाय.
घरी येऊन डोळा लावला
तर कन्नमवार नगर अख्खं पाण्याखाली.
समोरची इमारत, गच्चीवरची टाकी,
टाकीवरचा कावळा,
सगळं ताकात कालवल्यासारखं.

चौतीस वर्षं टूलरूममध्ये काढली मी.
केसाचा सातवा भाग जास्त घासला गेला
तर जॉब भंगारात टाकला, स्वतःचासुद्धा.
आणि इथं एक कावळा जमेना.

पुस्तिका काढली. पान सतरा.
डोळा लावायच्या खिडकीशेजारी
एक चिमुकलं चाक असतं म्हणे,
ज्यानं त्यानं आपल्या चष्म्याप्रमाणे फिरवायचं.
नखानं फिरवलं. सहा टिचक्या.
कावळ्याला चोच आली.

म्हणजे तीन दिवस मी
कुणा अनोळखी माणसाच्या डोळ्यानं बघत होतो.
माझ्याहून अधू होता बिचारा.
त्याला या चाकाच्या त्याच जागी
सगळं लख्ख दिसत असणार,
मुलगी, जावई, माथेरानचं माकड.

पण दिसणं वेगळं आणि फोटोत येणं वेगळं.
याच्या पोटात एकावन्न ठिपके.
मोकळा सोडला की जवळात जवळ काय ते धरतो,
गॅलरीचा गज, वाळत घातलेला परकर.
मागे कुमुद हसतेय, तिचं धुकं.
मग एकच ठिपका ठेवला, मधला.
तिच्या डाव्या डोळ्यावर टेकवला,
बटण अर्धं दाबून धरलं,
देवाचं नाव घेऊन उरलेलं अर्धं.
चमकीचा खडा असा आला
की सोनारानं पैलू मोजावेत.
डोळा मात्र कालच्यासारखाच.
"मी एवढी नाकानं दिसते होय?" ती म्हणाली.

रात्री ट्रंकेतली पोलादी पट्टी काढली,
चहाच्या डब्याला तिरकी टेकवली,
चौदाच्या रेघेवर नेम धरला.
लख्ख आला तेरा.
पुन्हा तेरा.
एक सेंटिमीटर अलीकडं खातोय, सरळसरळ चोर!
खरं सांगतो, मला आनंद झाला.
ही भाषा मला येते.
मेनूत खोल कुठंतरी त्याचाही इलाज निघाला.
अधिक सात केलं.
चौदा. चौदा. चौदा.
रात्री दीडला मी एकटाच दाद देत बसलो.

सकाळी कुमुदला स्टुलावर बसवलं.
"श्वास घेऊ, की थांबू?"
थांब, म्हटलं. थांबली,
आणि रेशनकार्डावरची बाई झाली.
घे, म्हटलं. घेतला,
आणि त्या श्वासाएवढी पुढं सरकून
ठिपक्यातून निसटली.
पट्टी श्वास घेत नव्हती.
मी छिद्र बारीक केलं, वेग वाढवला,
कोपर बरगडीला टेकवलं,
तोवर कुकरची तिसरी शिटी झाली
आणि स्टूल रिकामं. स्टूल उत्तम आलं.

काल दुपारी झोपून उठलो, डोळा लावला,
तर पुन्हा तेच पाणी.
बोरा बाजाराला दोन शिव्या हासडल्या.
मग अंगठ्याला चाक लागलं.
कुणीतरी फिरवलं होतं,
चार टिचक्या उलट्या.

कार्डात तीन फोटो, माझे नाहीत.
पहिला पडद्याचा. दुसरा माझा पाय, हललेला.
तिसऱ्यात मी झोपलेला, तोंड उघडं,
छातीवर पालथी पुस्तिका,
आणि कानावरचा केस न् केस वेगळा.
मोठा करून बघितला. आणखी मोठा.
चौतीस वर्षांची नजर लावली,
खोट सापडेना.

आत शिलाई मशीन चालू होतं,
थांबत होतं, दोरा ओवला जात होता, पुन्हा चालू.
मी हाक मारली नाही.
चाक होतं तिथंच ठेवलं
आणि गॅलरीत उभा राहून
थोडा वेळ तिच्या नंबरातून बघितलं.
खाडीवर गुलाबी-पांढरं काहीतरी उडत होतं.
पक्षी होते की पिशव्या,
मला सांगता आलं नसतं.